तीनशे मेशच्या पुढे

उत्साही : गव्हाच्या तांबेऱ्यापासून ज्वारीच्या काणीपर्यंत, तृणधान्यांच्या बुरशीरोगांवर नॅनो औषधं वापरावीत का, हा आपला प्रश्न. बारीक करण्याचं शहाणपण आपल्याकडे नवं नाही, इथून सुरुवात करू. ज्वारीच्या काणीसाठी शिफारस वर्षानुवर्षं एकच आहे : पेरणीआधी किलोभर बियाण्याला ३०० मेश पोताचं गंधक चार ग्रॅम चोळा. नुसतं ‘गंधक चोळा’ म्हणून भागत नाही, पोत सांगावा लागतो. एका इंचात तीनशे भोकं असलेल्या चाळणीतून पडलेलं गंधक, म्हणजे कण साधारण ५० मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक. कारण उघड आहे. काणीचे बीजाणू दाण्याच्या अंगाला चिकटलेले असतात. दाणा रुजला की तेही रुजतात आणि कोवळ्या कोंबात शिरतात. म्हणून औषधाने दाण्याचं सगळं अंग झाकलं पाहिजे, भरड गंधक नुसतं पिशवीच्या तळाशी जाऊन बसतं. नॅनो म्हणजे हाच विचार पुढे नेणं. १०० नॅनोमीटर हा त्या ५० मायक्रॉनचा पाचशेवा भाग. तेवढ्या एका कणाचे साडेबारा कोटी कण होतात आणि त्याच वजनाचा पृष्ठभाग पाचशे पट वाढतो. बुरशीशी गाठ पडते ती पृष्ठभागाची. मग जस्त, तांबं, चांदी, सिलिका यांतलं काहीही इतकं बारीक करून वापरलं आणि ग्रॅमचं काम मिलिग्रॅममध्ये झालं, तर त्यात बिचकण्यासारखं काय आहे?

शंकेखोर : ३०० मेशचं उदाहरण तुम्हीच काढलंत हे बरं झालं, माझी पहिली शंका त्याच चाळणीपाशी आहे. गंधक बारीक आहे की भरड, हे पाहायला चाळणी आणि तराजू पुरतात. शंका आली तर कृषी सहायक ते गावातही करून दाखवू शकतो. नॅनोचा कण पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणजे बाटलीत काय आहे हे सांगणारा माणूस एकच उरतो, बाटली विकणारा. दुसरी गोष्ट, कारखान्यात मोजलेला आकार शेतात टिकतो का? आपल्याकडे फवारणीचं पाणी बहुतेक विहिरीचं नाहीतर बोअरचं. त्यातल्या क्षारांमुळे हे कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात, आणि तुमचे साडेबारा कोटी कण पंपाच्या टाकीतच पुन्हा काही हजारांवर येतात. तुम्ही म्हणाल, गुठळ्या होऊ नयेत म्हणून कणांवर आवरण देतात. मान्य. पण मग ते आवरणही औषधाचाच भाग झालं, त्याचीही तपासणी हवी. आणि तिसरं, जस्त असो, तांबं असो की चांदी, बारीक कण लवकर विरघळतो आणि त्यातून धातूचे आयन सुटतात. बुरशीवर होणाऱ्या परिणामाचा मोठा वाटा त्या आयनांचा असतो. तसं असेल तर माझा प्रश्न साधा आहे : शेजारच्या वाफ्यात तेवढ्याच जस्ताचं साधं झिंक सल्फेट मारून पाहिलं होतं का?

उत्साही : पुष्कळदा नाही, हे मी आधीच कबूल करतो. नॅनो कण चालला की नाही एवढंच पाहिलं जातं. साध्या रूपापेक्षा तो किती जास्त चालला, हे पाहणारे प्रयोग कमी. पण अगदीच नाहीत असंही नाही. २०१८ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात एक चिकित्सक आढावा आला. नॅनो कीडनाशकं आणि खतं आपापल्या नेहमीच्या रूपांपेक्षा किती सरस ठरतात, एवढाच प्रश्न त्यात घेतला होता. मधला आकडा निघाला २० ते ३० टक्क्यांचा. हा चमत्कार नव्हे, पण एखाद्या रसायनाची मात्रा पाव भागाने कमी करता आली तर जमिनीला, पाण्याला आणि खिशाला तो मोठा दिलासा आहे. शिवाय आज हातात असलेली औषधं उद्या राहतील याची खात्री काय? गव्हाच्या तांबेऱ्यावर आपण ज्या प्रॉपिकोनॅझोलवर विसंबतो त्याची मान्यता युरोपीय संघाने २०१८ मध्ये वाढवली नाही, मॅन्कोझेबची २०२० मध्ये. इथे ती चालू आहेत, पण किती दिवस? ती बंद झाल्यावर पर्याय शोधायला निघण्यापेक्षा आजच निघावं.

शंकेखोर : त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही गाळलीत. प्रत्यक्ष शेतात केलेले प्रयोग फारच थोडे होते. ते २० ते ३० टक्के मुख्यतः प्रयोगशाळेतले आणि हरितगृहातले. प्रयोगशाळा म्हणजे काय, तेही पाहू. बटाट्याच्या काढ्यात साखर आणि अगर घालून केलेलं माध्यम, ते ओतलेली काचेची बशी, आणि मधोमध बुरशीची टिकली. औषध नसलेल्या बशीत ती आठवड्यात काठापर्यंत कापसासारखी पसरते, औषध घातलेल्या बशीत रुपयाएवढीच राहते. दोन्ही बश्या शेजारी ठेवल्या की फोटो छान येतो. पण त्या बशीत व्हिनेगर घातलं तरी बुरशी थांबते. आणि गंमत अशी की ज्या तांबेऱ्यासाठी आपण एवढं बोलतो आहोत, तो त्या बशीत वाढतच नाही. त्याला जिवंत गहू लागतो. मोठ्या खटाटोपाने त्याला माध्यमावर वाढवलं गेलं आहे, पण रोजच्या चाचणीचं ते काम नव्हे. म्हणून बशीतले बहुतेक निकाल फ्युजॅरियम, अल्टरनेरिया, ॲस्परजिलस यांचे असतात, आणि लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र ‘तृणधान्यांवरील रोगांसाठी आशादायक’ असं वाक्य येतं. तांबेरा, भुरी, करपा, काणी ही एकाच माळेची नावं असल्यासारखी ओवली जातात. ती एका माळेची नाहीत.

 

उत्साही : मग तांबेऱ्याचंच बोलू, पानावरचं. जानेवारीतली रात्र, पानावर दहिवर पडलेलं. वाऱ्याने आलेला बीजाणू वीस-तीस मायक्रॉनचा, तो त्या ओलीत अंकुरतो. अंकुराची नळी पानाच्या शिरा आडव्या ओलांडत सरकते, पर्णरंध्र सापडलं की तिथे थांबते, फुगते आणि आत शिरते. सहा-आठ तास पान ओलं राहिलं की एवढं काम उरकतं. त्या सहा-आठ तासांत पानाच्या पृष्ठभागावर काय आहे, यावर सगळा खेळ आहे. गव्हाचं पान मेणचट असतं. साधं औषध थेंबाथेंबाने ओघळून जातं, म्हणून आपण स्टिकर मिसळतो. बारीक कण शिरांच्या खाचांत बसतो, रंध्राच्या ओठापाशी बसतो, वाळल्यावरही टिकतो. मी म्हणतो ते एवढंच की नळी जिथून जाते त्या वाटेवर पहारा असावा.

शंकेखोर : पहारा असावा, पण कधीपासून? शेतकऱ्याला तांबेरा दिसतो केव्हा? नळी आत शिरल्यावर आठ-दहा दिवसांनी पुटकुळी फुटते, पानावरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते, तेव्हा. त्या वेळी पृष्ठभागावरचा पहारा काय कामाचा? चोर माजघरात बसून जेवतो आहे आणि तुम्ही ओट्यावर कुत्रा बांधताय. प्रॉपिकोनॅझोल चालतं ते पानात शिरतं म्हणून. तुमचा धातूचा कण मुख्यतः बाहेरच राहतो. तेव्हा तो रोग दिसायच्या आधी मारायला हवा, म्हणजे रोग येईल की नाही हे माहीत नसताना, पुन्हा पुन्हा. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला ते परवडतं, त्याच्या हंगामात फवारणीची वही भरते. गव्हाला एक फवारणी झाली तरी पुष्कळ, आणि कोरडवाहू ज्वारीला एकही होत नाही. द्राक्षाची किंमत आणि गव्हाची किंमत यांत जे अंतर आहे ते कण बारीक करून मिटत नाही. म्हणूनच ‘तांबं कमी लागेल’ या दाव्याचंही मला हसू येतं. द्राक्षावर बोर्डो मिश्रणाचं तांबं जातं, तिथे कमी लागेल हे ठीक. गव्हावर आपण तांबं मारतच नव्हतो. मग ते कमी झालं की नव्याने आलं?

उत्साही : तांब्याचा मुद्दा तुमचा. पण पहारा बाहेरच राहतो हे पूर्ण खरं नाही, कारण नॅनो म्हणजे फक्त धातूचा कण नव्हे. दुसरी एक शाखा आहे, माझी खरी आशा तिच्यावर आहे. सिलिकाचे सच्छिद्र कण किंवा कायटोसानचे कण करायचे आणि नेहमीचं आंतरप्रवाही बुरशीनाशक त्यांच्या पोटात भरायचं. कण वाहक, औषध तेच. ते हळूहळू सुटतं, उन्हाने लवकर नासत नाही, आणि एका फवारणीचा पहारा लांबतो. तुमच्या ‘कधीपासून’ला हे उत्तर आहे. शिवाय हे वाहक स्वतः निष्क्रिय नसतात. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून होतं. ते पानाला लागलं की झाडाला बुरशी आल्यासारखं वाटतं आणि त्याची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी होते. सिलिकाचं तर भाताला वेडच आहे. भाताच्या कोरड्या वजनात सिलिकाचा वाटा दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि सिलिका भरपूर मिळालेल्या भातावर करपा कमी येतो हे जुनं ज्ञान आहे. कोकणात दर खरिपाला तुसाचे ढीग पडतात. त्या तुसाच्या राखेतून सिलिका काढून ती भातालाच परत द्यायची, यात परदेशी काय आहे?

शंकेखोर : काहीच नाही, आणि तीच माझी अडचण आहे. तुसाची राख भाताच्या रोपवाटिकेत गादीवाफ्यावर टाका, हे आपण नॅनोच्या आधीपासून सांगतोय. मग राख टाकलेला वाफा आणि नॅनो सिलिका दिलेला वाफा, यांत फरक किती? तो फरक दाखवल्याशिवाय नॅनो सिलिका ही राखेची महाग आवृत्ती आहे, असंच मी म्हणेन. वाहकाची गोष्ट वेगळी, ती मला पटते. पण तिथे तुम्ही नवं औषध आणत नाही, जुन्याच औषधाचा मुक्काम लांबवता. युरोपाने नाकारलेलं प्रॉपिकोनॅझोल पानात जास्त दिवस राहणार, हा फायदा म्हणायचा की तोटा, ते ओंबीत किती उतरतं त्यावर ठरेल. मघाशी तुम्ही म्हणालात, जुनी औषधं जाणार म्हणून नॅनो हवं. आता तुमचं नॅनो जुन्या औषधाशिवाय उभंच राहत नाही.

उत्साही : दोन्ही विधानं एका दमात केली की विसंगत दिसतात, हे खरं. मी त्यांना वेळेच्या क्रमाने ठेवतो. आधी जुन्या औषधाची मात्रा कमी करा, मग त्याला काढा. पण तुमच्या मनात एक दुसरीच गोष्ट आहे आणि ती तुम्ही बोलत नाही. ती म्हणजे नॅनो युरिया.

शंकेखोर : बोलतो की. २०२१ साली अर्ध्या लिटरची बाटली आली आणि ती युरियाच्या एका गोणीची जागा घेईल असं सांगितलं गेलं. त्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून जास्त. हजार पटींचा फरक. तो बारीकपणाने भरून निघेल, हे मानायला श्रद्धा लागते. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत शिफारशीप्रमाणे युरिया कमी करून ही फवारणी केली, तेव्हा गव्हाचं उत्पन्न वीस टक्क्यांहून जास्त घटलं, भाताचंही घटलं. तेव्हापासून ‘नॅनो’ हा शब्द ऐकला की शेतकरी आधी गोणी आठवतो. त्याचा संशय अडाणीपणाचा नाही, हिशेबाचा आहे.

उत्साही : हिशेबाचाच आहे, म्हणून तोच हिशेब बुरशीनाशकाला लावून पाहा. नत्र हे अन्न आहे. एकरी जेवढं धान्य हवं, त्या प्रमाणात किलोंनी नत्र कुठून तरी यायलाच हवं. किलोची भरपाई ग्रॅमने होत नाही, तिथे तुमचा आक्षेप बिनतोड आहे. बुरशीनाशक हे अन्न नाही. ते आजही एकरी ग्रॅमातच लागतं. प्रॉपिकोनॅझोल लिटरला एक मिली. तिथे प्रश्न वस्तुमानाचा नसून गाठ पडण्याचा आहे, आणि गाठ पडण्यासाठी बारीकपणा कामाला येतो, हे ३०० मेशच्या गंधकानेच सिद्ध केलं. खताच्या बाटलीचं पाप औषधाच्या बाटलीवर टाकू नका.

शंकेखोर : हा फरक मी आजवर इतका स्पष्ट करून घेतला नव्हता, घेतो. पण मग बारीकपणा जिथे कामाला येतो तिथेच थांबा. गंधक दाणे काणीवर चाललं, कारण ती दाण्याच्या बाहेर बसते. गव्हाची काजळी दाण्याच्या आत, गर्भात बसते, तिथे कितीही बारीक गंधक चोळलं तरी उपयोग झाला नाही. तिच्यासाठी १९३० च्या दशकात पंजाबात, ल्यालपूरला, बियाणं उन्हाळ्यात पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवायची पद्धत बसवली. पुढे १९६० च्या दशकात आत शिरणारं कार्बोक्सिन आलं तेव्हा कुठे औषधाने काम झालं. म्हणजे बुरशी कुठे बसते हा पहिला प्रश्न, कण केवढा हा दुसरा. आणि त्या दोन्हींच्या आधीचा प्रश्न वाणाचा आहे. निफाडच्या केंद्राने त्र्यंबक दिला, तपोवन दिला, महाबळेश्वरच्या गहू गेरवा केंद्रात वाण तांबेऱ्यासमोर उभे करून पारखले जातात. तांबेरा न येणारं बी पेरलं की पंप नको, पाणी नको, बाटली नको. संरक्षण बियाण्यातूनच येतं आणि त्याचं वेगळं बिल येत नाही.

उत्साही : वाणावर माझाही विश्वास आहे, पण वाणाचं आयुष्य मोजकं असतं. आग्र्याच्या करमचंद मेहतांनी दाखवून दिलं की आपल्या मैदानी गव्हावर तांबेरा दर वर्षी डोंगरांतून येतो, उत्तरेत हिमालयातून, दक्षिणेत निलगिरी-पळणीतून. म्हणजे बीजाणूंचा पाऊस थांबत नाही आणि त्यातला एखादा वाणाचं कुलूप उघडतोच. १९९९ मध्ये युगांडातून नोंदल्या गेलेल्या यूजी ९९ या तांबेऱ्याच्या प्रकाराने जगभरच्या गव्हाला वाचवणारा एसआर ३१ हा जनुक निकामी केला. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर करपा आला, तेव्हा पश्चिम बंगालला मुर्शिदाबाद आणि नादिया जिल्ह्यांत गहू पेरणंच काही वर्षं बंद करावं लागलं. नवा वाण यायला आठ-दहा वर्षं लागतात. त्या मधल्या वर्षांत शेतकऱ्याच्या हातात काय द्यायचं? ‘पेरू नका’ हेही एक उत्तर आहे, पण ते शेतीचं उत्तर नाही. आणि धोका फक्त उत्पन्नाचा नाही. १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसाने भिजून बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक आदिवासी माणसं दगावली. ती अफ्लाटॉक्सिनची विषबाधा होती. ज्यांच्याकडे दुसरं धान्यच नसतं ते बुरशीचं धान्य फेकत नाहीत.

शंकेखोर : त्या मक्याला नॅनो कणाची नाही, कोरड्या खळ्याची आणि ताडपत्रीची गरज होती. पण मधल्या वर्षांचा तुमचा प्रश्न मी टाळत नाही. फक्त त्याच्या शेजारी माझे दोन ठेवतो. एक, कडबा. नॅनोचे अवशेष मोजायचे म्हटलं की लोक दाणा मोजतात. आपल्याकडे ज्वारी अर्धी दाण्यासाठी आणि अर्धी कडब्यासाठी पेरतात, दुष्काळी तालुक्यात तर कडबा जास्त मोलाचा. पानावर टिकून राहणं हा तुमच्या कणाचा गुण, आणि तेच पान म्हैस खाते. मग दुधात काय येतं? दुसरा प्रश्न फवारणाऱ्याचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती औषधं नॅनो नव्हती, कापसाचं पीकही वेगळं, मला माहीत आहे. पण पाठीवर पंप, अंगात फाटका सदरा आणि तोंडाला रुमाल, ही परिस्थिती बदललेली नाही. त्या रुमालातून काय जातं आणि काय अडतं, याचा विचार बाटलीच्या आधी झाला पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी-निविष्ठांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, चांगलं केलं. पण कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, आणि तो लिहिला गेला तेव्हा कणाचा आकार हा कुणाच्या मनातला प्रश्नच नव्हता.

उत्साही : मग या दोन्ही प्रश्नांना कमीत कमी जागा मिळेल अशा ठिकाणाहून सुरुवात करू : बियाणं. बीजप्रक्रियेत एकरी औषध अत्यल्प, वाऱ्यावर काही उडत नाही, तोंडावर धुकं येत नाही, आणि तीन-चार महिन्यांनी निघणाऱ्या कडब्यात त्यातलं काय उरणार? काणी, रोपांची मर, बियाण्यासोबत येणारी फ्युजॅरियम, हे सगळं तिथेच गाठता येतं. पाण्याच्या क्षारांची भीतीही फारशी राहत नाही. तुमचे निम्मे आक्षेप फवारणीवरचे होते.

शंकेखोर : निम्मे नव्हे, त्याहून जास्त. बियाण्यावर माझा विरोध नाही. पण मग तुमचा तांबेरा गेला, करपा गेला, खरीप ज्वारीचं कणीस पावसात काळं पडतं तेही गेलं, कारण ती तिन्ही दुखणी मुख्यतः पेरणीनंतर हवेतून येतात. ज्या रोगांची भीती दाखवून नॅनोची गरज सांगितली जाते ते एकीकडे, आणि नॅनो जिथे सुरक्षित आहे ते दुसरीकडे. आणि बियाण्याला चोळायच्या चार ग्रॅममध्ये नफा किती? तिथे कंपनी येणार नाही. तिला फवारणी हवी, म्हणजे बाटली दर हंगामात पुन्हा खपते.

उत्साही : कंपनी येणार नसेल तर विद्यापीठाने यावं. चाचणी कशी असावी ते तुम्ही सांगा, मी मान्य करतो.

शंकेखोर : चार वाफे. एकात काहीच नाही. दुसऱ्यात शिफारशीचं ३०० मेश गंधक. तिसऱ्यात जस्ताचं साधं मीठ, चौथ्यात तेवढ्याच जस्ताचे नॅनो कण. ज्वारीवर, शेतकऱ्याच्या रानात, त्याच्याच विहिरीचं पाणी वापरून. कणांचा आकार पेरणीच्या दिवशी पुन्हा मोजायचा, कारखान्याच्या दाखल्यावर भागवायचं नाही. आणि दाण्याबरोबर कडबाही तपासायचा.

उत्साही : मान्य. पण पाचवा वाफा माझा, आणि तो गव्हाचा. प्रॉपिकोनॅझोलची निम्मी मात्रा सिलिकाच्या वाहकात भरून, तांबेऱ्याच्या वर्षी, एकच फवारणी. शेजारी पूर्ण मात्रेची साधी फवारणी. बियाण्यापाशी थांबलो तर ज्या प्रश्नाने आपण बोलायला लागलो तो सुटलाच नाही असं होईल.

शंकेखोर : घ्या पाचवा. पण त्याचा गव्हांडा गुरांना घालायचा नाही.

उत्साही : गुरांना घातलाच नाही तर दुधात काय येतं हे कळणार कसं? हा प्रश्न तर तुमचाच होता.

शंकेखोर : आधी गव्हांड्यात किती राहिलं ते प्रयोगशाळेत मोजा. तो आकडा पाहिल्यावर गोठ्याचं बोलू.